लॅरी किंगची रात्रपाळी

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



लॅरी किंग हे नाव आपल्यातल्या अनेकांना सीएनएनमुळे माहीत आहे. शर्टावर गॅलिस, जाड फ्रेमचा चष्मा, टेबलावर जुन्या घाटाचा मायक्रोफोन आणि समोर कधी एखादा राष्ट्राध्यक्ष, तर कधी एखादी सिनेनटी. 1985 च्या जूनपासून 2010 च्या डिसेंबरपर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षं, हा माणूस जगभरच्या दिवाणखान्यांत दिसत होता. आज मात्र मला त्या किंगबद्दल बोलायचं नाही. सीएनएनवर येण्याआधी आणि आल्यानंतरही काही वर्षं हा गृहस्थ दुसरी एक नोकरी करत होता. मध्यरात्री बारा ते पहाटे साडेपाच. रेडिओवर. फोनवर येईल त्याच्याशी बोलणं, हे काम. माझ्या मते त्याच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम ते आहे, आणि ते झालं याचं कारण जितकं त्याच्या गुणात आहे तितकंच त्या वेळेत आहे.

रेडिओच्या धंद्यात प्रत्येक मिनिटाला दर असतो. सकाळी लोक कामावर निघतात तो दर सगळ्यात चढा, संध्याकाळी घरी परततात तो त्याखालोखाल. मध्यरात्रीनंतरच्या मिनिटांना अमेरिकेत सत्तरच्या दशकापर्यंत जवळजवळ गिऱ्हाईकच नव्हतं. जाहिरातदार विचारायचे, एवढ्या रात्री ऐकतंय कोण? म्हणून लहान गावांतली केंद्रं सरळ बंद व्हायची, मोठी केंद्रं तबकड्या लावून ठेवायची. आजच्या व्याख्यानात मला एवढंच दाखवायचं आहे की ज्या वेळेला बाजारात भाव नव्हता, त्या वेळेत सामान्य माणसाला बोलायला जागा मिळाली. आणि त्या वेळेला भाव आला तेव्हा ती जागा आक्रसली.

आधी थोडं विज्ञान सांगतो, कारण रात्रीच्या रेडिओचं निम्मं रहस्य आकाशात आहे. आपल्या डोक्यावर साठ-सत्तर किलोमीटर उंचीपासून वातावरणाचे विद्युतभारित थर सुरू होतात. त्यातला सगळ्यात खालचा थर सूर्यप्रकाशानं तयार होतो आणि दिवसा मध्यम लहरी, म्हणजे ज्याला आपण मीडियम वेव्ह म्हणतो त्या, शोषून घेतो. म्हणून दिवसा एखादं केंद्र शंभर-दीडशे किलोमीटरपलीकडे धड लागत नाही. सूर्य मावळला की हा खालचा थर विरतो. मग त्याच लहरी वरच्या थरांवर आपटून परत जमिनीवर येतात, आणि हजार-हजार किलोमीटरवरचा माणूस शेजारच्या खोलीत बोलत असल्यासारखा ऐकू येतो. आपल्याकडे ज्यांनी रात्री अंथरुणात पडून ट्रान्झिस्टरची सुई हळूहळू फिरवली आहे, त्यांना अनोळखी भाषेतली परकी स्टेशनं अचानक लागायची ते आठवत असेल. कारण हेच.

अमेरिकेत 50 किलोवॅटच्या काही केंद्रांची लहर रात्री देशभर मोकळी ठेवली जाई. सॉल्ट लेक सिटीचं केएसएल हे त्यातलं एक. दिवसा ते एका शहराचं केंद्र, आणि रात्री अर्ध्या खंडाचं. शिवाय लांब पल्ल्याचे फोनही रात्री स्वस्त. आपल्याकडे एसटीडी बूथवर रात्री अकरा वाजायची वाट बघत उभे राहिलेले लोक या सभागृहात असतील. अकरानंतर दर पाव व्हायचा! (हशा) तोच हिशोब तिकडेही होता. लहरी लांब जाणार, फोन स्वस्त पडणार, आणि वेळ कुणालाच नको असणार. या तीन गोष्टी एकत्र आल्या आणि रात्रीचा गप्पांचा रेडिओ जन्माला आला.

किंगच्या आधी हा रस्ता काही जणांनी तुडवून ठेवला होता. न्यूयॉर्कच्या बॅरी ग्रेबद्दल सांगतात की 1945 मध्ये एका रात्री तबकड्या लावून कंटाळल्यावर त्यानं टेलिफोनचा रिसीव्हर उचलून मायक्रोफोनजवळ धरला. पलीकडे होता बँडवाला वुडी हर्मन. फोन करणारा आणि निवेदक दोघंही श्रोत्यांना ऐकू येण्याची ही सुरुवात, असं रेडिओवाले मानतात. मग 1954 पासून त्याच शहरात लाँग जॉन नेबेल आला. शाळा अर्धवट सोडलेला, लिलावाच्या धंद्यातून आलेला उंचापुरा माणूस. तो रात्रभर उडत्या तबकड्या, भुतंखेतं, संमोहन असल्या विषयांवर मंडळी जमवून त्यांची उलटतपासणी करायचा. स्वतः त्यातलं फारसं काही खरं मानत नसे, पण समोरच्याला बोलू देण्यात त्याला रस होता.

तिसरा मला सगळ्यात लोभस वाटतो. हर्ब जेप्को. 1964 मध्ये केएसएलवर त्यानं रात्रीचा कार्यक्रम सुरू केला आणि दोन गोष्टी ठरवून टाकल्या. वाद नको, म्हणजे राजकारण आणि धर्म बाहेर. आणि प्रत्येकाला पाच मिनिटं. पाच मिनिटं झाली की मंजुळ संगीत वाजे, म्हणजे बोलणाऱ्यानं समजून आटोपतं घ्यावं. फोन करणारे बहुतेक म्हातारे, एकटे, आजारी. त्यांनी गावोगाव शाखा काढल्या, एकमेकांना पत्रं लिहिली, संमेलनं भरवली, त्यांचं मासिकही निघालं. ऐकणाऱ्यांची जणू एक बिरादरी तयार झाली. 1975 मध्ये म्युच्युअल ब्रॉडकास्टिंग सिस्टिम या देशव्यापी जाळ्यानं जेप्कोला उचललं आणि 1977 मध्ये सोडलं. कारण साधं होतं, जाहिराती मिळेनात. म्हाताऱ्या, एकट्या, आजारी श्रोत्याला विकायचं काय, हा प्रश्न जाहिरातदाराला पडला होता. जेप्कोच्या जागी लाँग जॉन नेबेलला आणलं, पण त्याला कर्करोग होता. त्याच्या जागी कोण, या प्रश्नाचं उत्तर म्हणून लॅरी किंगचं नाव पुढे आलं.

आता किंगकडे वळू. त्याचं खरं नाव लॉरेन्स झायगर. जन्म 19 नोव्हेंबर 1933, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. पूर्व युरोपातून आलेलं ज्यू कुटुंब. लॅरी नऊ-दहा वर्षांचा असताना वडील हृदयविकारानं गेले आणि घर काही काळ सरकारी मदतीवर चाललं. कॉलेज नाही, पदवी नाही. रेडिओचं वेड मात्र पक्कं. कुणीतरी सांगितलं की फ्लॉरिडात नवखा माणूसही चालतो, म्हणून तो मायामीला गेला आणि एका छोट्या केंद्रावर झाडलोट, निरोप्याची कामं करत राहिला. एक निवेदक नोकरी सोडून गेला आणि 1 मे 1957 रोजी सकाळी लॅरीला मायक्रोफोनसमोर बसायला सांगितलं. कार्यक्रम सुरू होण्याच्या काही मिनिटं आधी व्यवस्थापकानं सांगितलं, हे झायगर आडनाव चालणार नाही, लोकांच्या लक्षात राहणार नाही. टेबलावर वर्तमानपत्र उघडं होतं, त्यात किंग नावाच्या दारूच्या घाऊक दुकानाची जाहिरात होती. झालं बारसं! (हशा)

पुढची गोष्ट तो आयुष्यभर सांगत राहिला. शीर्षकसंगीत सुरू झालं, त्यानं आवाज खाली आणला, बोलायला तोंड उघडलं आणि शब्द फुटेना. पुन्हा संगीत मोठं केलं, पुन्हा कमी केलं. असं दोन-तीनदा झाल्यावर व्यवस्थापकानं लाथेनं दार उघडून त्याला सुनावलं की हा बोलण्याचा धंदा आहे. मग लॅरीनं श्रोत्यांना खरं तेच सांगून टाकलं: आज माझा पहिला दिवस आहे, नाव आत्ताच मिळालंय, आणि तोंडाला कोरड पडली आहे. त्यानंतर मायक्रोफोनची भीती त्याला कधी वाटली नाही, असं तो म्हणे. हा प्रसंग मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे रात्री फोन करणारा माणूस जेव्हा पहिल्या वाक्याला अडखळायचा, तेव्हा पलीकडे बसलेल्याला अडखळणं म्हणजे काय हे ठाऊक होतं.

1958 मध्ये तो मायामीच्या पम्परनिक्स नावाच्या रेस्टॉरंटमधून कार्यक्रम करू लागला. आधी पाहुणे ठरलेले नसत. जो जेवायला येईल तो पाहुणा. पहिली मुलाखत त्यानं तिथल्या वेटरची घेतली. मग काही दिवसांनी गायक बॉबी डॅरिन सहज आत आला आणि किंगच्या समोर बसला. तयारी करायला वेळच नव्हता, आणि ही बिनतयारीच त्याची पद्धत झाली. तो पाहुण्याचं पुस्तक आधी वाचत नसे आणि हे उघड सांगत असे. त्याचं म्हणणं असं की श्रोत्यानंही ते वाचलेलं नाही. मी वाचलं तर माझे प्रश्न पाहुण्याला खूश करणारे होतील, श्रोत्याच्या मनातले राहणार नाहीत.

मायामीत नाव झालं, पैसा आला, आणि पैसा उधळलाही. घोड्यांच्या शर्यती, उंची गाड्या, कर्ज. डिसेंबर 1971 मध्ये एका धनिकाच्या तक्रारीवरून पैशांच्या अफरातफरीच्या आरोपाखाली त्याला अटक झाली. मुदतीच्या कायद्यामुळे तो खटला निकाली निघाला, तरी नोकऱ्या गेल्या. पुढची काही वर्षं तो मायक्रोफोनपासून जवळजवळ दूरच होता. लुईझियानातल्या एका रेसकोर्सच्या प्रसिद्धीचं काम, फुटबॉलचं समालोचन, असं मिळेल ते. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मायामीच्या केंद्रानं त्याला परत घेतलं. त्याच्या खासगी आयुष्याचा हिशोब मी मांडत नाही, एवढंच सांगतो की त्यानं आठ लग्नं केली आणि बायका सात होत्या. (हशा) एकीशी दोनदा.

30 जानेवारी 1978. चव्वेचाळीस वर्षांचा किंग म्युच्युअलच्या रात्रीच्या जागेवर बसला. त्याला आणणारे एड लिटल हे म्युच्युअलचे अध्यक्ष, आणि ते त्याला फ्लॉरिडापासून ओळखत होते. पुढे स्टुडिओ वॉशिंग्टनला खेटून, नदीपलीकडच्या आर्लिंग्टनमध्ये होता. कार्यक्रम घेणारी केंद्रं सुरुवातीला जेमतेम पंचवीस-तीस. पुढे ती पाचशेच्या वर गेली. वाढीचं गणित समजून घ्या. लहान गावातल्या केंद्राला रात्रीसाठी माणूस ठेवणं परवडत नाही. म्युच्युअल म्हणतं, आम्ही तुम्हाला अख्खी रात्र देतो, त्यातली काही जाहिरातीची मिनिटं आमची आणि काही तुमची. केंद्राला बंद राहण्यापेक्षा हे बरं. अशा रीतीनं ज्या गावांत रात्री रेडिओ मुका असायचा तिथेही तो बोलू लागला.

कार्यक्रमाची घडण अशी. पहिला दीड तास किंग आणि पाहुणा. पुढचा दीड तास त्याच पाहुण्याला देशभरचे श्रोते फोनवरून प्रश्न विचारणार. आणि पहाटे तीन वाजता पाहुणा घरी गेला की ‘ओपन फोन अमेरिका’. आता विषय नाही, पाहुणा नाही, ज्याला जे बोलायचं ते बोलावं. न्यूयॉर्कला तीन वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात मध्यरात्र होत असते, त्यामुळे पश्चिमेची अनेक केंद्रं हाच भाग थेट घ्यायची आणि मुलाखत मागाहून ध्वनिमुद्रित लावायची. म्हणजे अर्ध्या देशाला पाहुणा आधी, आणि अर्ध्या देशाला लोक आधी.

फोन घेताना किंग माणसाचं नाव विचारत नसे. गावाचं नाव उच्चारायचा, हॅलो म्हणायचा, की बोला. मला यात मोठी युक्ती दिसते. नाव न सांगता बोलता येतं, पण गाव मात्र सगळ्यांना कळतं. ऐकणाऱ्याच्या मनात रात्रभर देशाचा नकाशा एकेक दिव्यानं उजळत जातो. ही पाराची बैठक होती. पाराचा घेर तेवढा चार हजार किलोमीटरचा.

काही फोन करणारे स्वतःच प्रसिद्ध झाले. किंगनं त्यांना टोपणनावं दिली होती. त्यातला एक पोर्टलंडचा हसणारा. तो फोन करायचा आणि फक्त हसायचा. किंग काहीतरी विचारायचा, उत्तर म्हणून पुन्हा हसू. दुसरा मायामीचा भणंग. तिसरा आकडेवाला. कोणत्याही दिवसाच्या कार्यक्रमात यांना पहिल्या दहा सेकंदांत कापलं असतं, कारण तिथे सेकंदाला भाव आहे. पहाटे चार वाजता कुणाच्या हसण्यानं कुणाचं काय नुकसान होणार? सवड होती म्हणून विक्षिप्तपणाही खपला, आणि ज्यांना एरवी कुणी दारात उभं करणार नाही अशांनाही देशानं ऐकलं.

या कामाची एक तांत्रिक बाजूही आहे. थेट प्रक्षेपणात कुणी शिवी दिली, कुणाची बदनामी केली, तर केंद्राचा परवाना धोक्यात येतो. म्हणून बोललेलं आधी टेपवर जायचं आणि काही सेकंदांनी हवेत. टॉकबॅकच्या, म्हणजे श्रोत्यांच्या फोनवर चालणाऱ्या रेडिओच्या, धंद्यात सात सेकंद हा आकडा रूढ झाला. निवेदकाच्या हाताशी एक बटण असतं. ते दाबलं की ते सात सेकंद हवेत जातच नाहीत. पण यामुळे एक गंमत होते. फोन करणाऱ्याच्या घरी रेडिओ चालू असला तर त्याला आपलाच सात सेकंदांपूर्वीचा आवाज ऐकू येतो आणि तो पुरता गोंधळतो. म्हणून जगातला प्रत्येक टॉकबॅक निवेदक आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा जे वाक्य म्हणतो ते म्हणजे, अहो, आधी तुमचा रेडिओ बारीक करा! (हशा)

किंगची खरी कारागिरी प्रश्नात होती. प्रश्न लहान. एका दमात, एका वाक्यात. ‘का?’ हा त्याचा लाडका प्रश्न. आपल्याकडच्या मुलाखतकारांनी हे शिकण्यासारखं आहे. आपल्याकडे प्रश्न तीन मिनिटांचा असतो आणि शेवटी पाहुण्याला फक्त ‘बरोबर आहे’ म्हणायचं उरतं. किंग बोलणाऱ्याला दुरुस्त करत नसे, आपलं मत त्याच्यावर लादत नसे. आपली राजकीय मतं सांगायची तर ती कार्यक्रमाच्या अगदी शेवटी. या पद्धतीवर टीकाही भरपूर झाली. टेलिव्हिजनवर तो पुढाऱ्यांना अडचणीत आणत नाही, पाहुण्याला सोयीचे प्रश्न विचारतो, अभ्यास करत नाही, असं समीक्षक म्हणत. ती टीका मला बऱ्याच अंशी मान्य आहे. सत्तेवर असलेल्या माणसासमोर बिनतयारीनं बसणं ही त्याला दिलेली सवलतच ठरते. पण पहाटे साडेतीन वाजता आयोवातून फोन करणाऱ्या ट्रकवाल्यासमोर अभ्यास कशाचा करणार? तिथे एवढंच लागतं की पुढचं वाक्य ऐकायची तुम्हाला खरोखर उत्सुकता असावी. किंगला ती होती. 1982 चा पीबडी पुरस्कार या रात्रीच्या रेडिओ कार्यक्रमाला मिळाला. अमेरिकेत प्रसारणाच्या क्षेत्रात त्याहून मानाचा पुरस्कार क्वचितच असेल.

1985 मध्ये सीएनएनवरचा कार्यक्रम आला. आता रात्री नऊला टेलिव्हिजन आणि बाराला रेडिओ. दोन्ही पाळ्या एकाच माणसाच्या. सिगारेटी अखंड. फेब्रुवारी 1987 मध्ये हृदयविकाराचा झटका आला, त्याच वर्षी बायपास शस्त्रक्रिया झाली. वडील याच आजारानं गेले होते. सिगारेट झटक्याच्या दिवशी सुटली, रात्रपाळी मात्र आणखी पाच-सहा वर्षं सुटली नाही.

शेवटी 1993 मध्ये त्यानं रात्र सोडली आणि म्युच्युअलनं त्याला दुपारची वेळ दिली. आता बघा काय झालं. माणूस तोच. नाव तर आधीपेक्षा मोठं. आदल्याच वर्षी रॉस पेरोनं राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहण्याची तयारी किंगच्याच सीएनएनवरच्या कार्यक्रमात जाहीर केली होती. पण दुपारच्या वेळेवर गावोगावच्या केंद्रांचे स्वतःचे निवेदक होते, त्या वेळेला दर होता, आणि तो दर कुणी सोडायला तयार नव्हतं. रात्री किंगला घेणाऱ्यांपैकी फार थोड्या केंद्रांनी त्याला दुपारी घेतलं. 1994 मध्ये त्याचा रेडिओ कार्यक्रम संपला. देशातला सगळ्यात प्रसिद्ध मुलाखतकार दुपारी तीन वाजता रेडिओवर चालला नाही. माझ्या सुरुवातीच्या म्हणण्याला याहून मोठा पुरावा मला सापडलेला नाही.

रात्रीची खुर्ची जिम बोहॅनन नावाच्या माणसाकडे गेली. तो 1993 पासून ऑक्टोबर 2022 पर्यंत, जवळजवळ तीस वर्षं, त्या जागेवर बसला आणि पुढच्याच महिन्यात वारला. किंगच्या दुप्पट काळ. त्याचं नाव इथे किती जणांनी ऐकलंय? हात वर करू नका, मला कल्पना आहे. (हशा) या धंद्यात दीर्घ कारकीर्द अशीच असते.

पण दरम्यान रेडिओ बदलला. 1987 मध्ये अमेरिकेत एक नियम रद्द झाला. वादग्रस्त विषयावर केंद्रानं दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत, असा तो नियम होता. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1988 मध्ये, रश लिंबॉचा देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला. वेळ भर दुपारची. इथे निवेदकाकडे मतं भरपूर, आणि फोन करणारा बहुधा त्या मतांना मान डोलावणारा. श्रोते प्रचंड, जाहिराती प्रचंड. पुढे देशभर याच साच्याची नक्कल झाली. रात्रही यातून सुटली नाही. नव्वदच्या दशकात नेवाडाच्या वाळवंटातल्या परम्प या गावी, आपल्या घरातून, आर्ट बेल रात्रीचा बादशहा झाला. उडत्या तबकड्या, गुप्त कट, परलोक. फोन तो न चाळता घ्यायचा, हा त्याचा मोठेपणा मानतो मी. पण किंगच्या रात्रीत कुठल्याही विषयाला जागा होती. आता रात्रीलाही ठरलेला माल आला आणि त्याचं गिऱ्हाईकही ठरलं.

मग बाजार आला की हे संपतंच का? नाही. दोन देशांची उदाहरणं देतो. ऑस्ट्रेलियात श्रोत्यांचे फोन हवेत घ्यायला कायदेशीर परवानगी मिळाली ती 17 एप्रिल 1967 पासून. त्याआधी निवेदकाला फोनवरच्या माणसाचं बोलणं ऐकून स्वतःच्या तोंडानं श्रोत्यांना सांगावं लागे! तिथल्या सरकारी पैशावर चालणाऱ्या एबीसीनं रात्र हातची सोडली नाही. टोनी डेलरॉय 1990 पासून 2016 पर्यंत ‘नाइटलाइफ’ हा देशव्यापी कार्यक्रम करत होता. एखाद्या प्रश्नावर श्रोत्यांची चर्चा, आणि मध्यरात्रीनंतर फोनवरची प्रश्नमंजूषा. त्या प्रश्नमंजूषेसाठी लोक रात्री जागत. दुसरं उदाहरण जर्मनीचं. युर्गेन डोमियान, 1995 ते 2016, डब्ल्यूडीआर ही तिथली सार्वजनिक संस्था, रात्री एक ते दोन, रेडिओ आणि टेलिव्हिजन दोन्हीवर एकदम. लोक फोन करून मरण, आजार, व्यसन, अपराध यांबद्दल बोलत. आणि हवेतलं बोलणं संपल्यावर फोन करणाऱ्याला आधार द्यायला पडद्यामागे मानसशास्त्रज्ञ बसलेले असत. निवेदक हा काही डॉक्टर नव्हे, दुःखी माणसाला माईकसमोर आणून सोडून देणं बरोबर नव्हे, ही शंका तुमच्या मनात आली असेल तर तिचं उत्तर जर्मनांनी असं दिलं. हे दोन्ही निवेदक वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षं टिकले, कारण त्यांच्या रात्रीचा खर्च समाजानं उचलला होता.

आता आपल्या घरी येऊ. 18 मे 1988 रोजी आकाशवाणीनं राष्ट्रीय वाहिनी सुरू केली. संध्याकाळी सातच्या सुमारास सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारी, म्हणजे मुळात रात्रीसाठीच काढलेली वाहिनी. आणि तिचा मुख्य ट्रान्समीटर कुठे? नागपूरला. ताकद 1000 किलोवॅट. अमेरिकेत मध्यम लहरींच्या केंद्राला जास्तीत जास्त 50 किलोवॅटची परवानगी आहे. केएसएलच्या वीस पट ताकदीचं, देशाच्या बरोब्बर मध्यावर उभं असलेलं यंत्र आपल्याकडे होतं. त्यावर बातम्या होत्या, संगीत होतं, चर्चा होत्या. श्रोत्यांच्या पत्रांची आपली परंपरा तर मोठीच. झुमरीतलैयाहून येणाऱ्या गाण्यांच्या फर्माइशींवर पिढ्या वाढल्या. पण श्रोत्याला फोनवर घेऊन त्याच्याशी सवडीनं बोलायचं, आणि तेही रात्रभर, एवढं मात्र आपण केलं नाही. जानेवारी 2019 मध्ये ती वाहिनी बंद झाली.

खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, हे खरं. पण पाणी, वीज, रस्ते, हवामान, परीक्षा या स्थानिक विषयांवर बोलायला 2011 च्या धोरणानं मोकळीक दिली आहे. सामुदायिक रेडिओही आहे. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे, पुण्यात विद्यापीठाची विद्यावाणी आहे. यंत्र आहे, परवाना आहे, आणि फोन तर आता प्रत्येकाच्या खिशात, बहुतेकांना फुकटच.

ऐकणार कोण, हा प्रश्न जाहिरातदारानं विचारावा, आपण विचारू नये. आपल्याला उत्तर माहीत आहे. शेतीच्या वीजपुरवठ्याची रात्रपाळी असते त्या आठवड्यात शेतकरी रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन पाणी द्यायला बांधावर असतो, सापाकिरड्याच्या भीतीनं मोबाइलवर गाणी लावून. मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रकवाले जागे असतात. सिव्हिल हॉस्पिटलात नर्स आणि रुग्णाचे नातेवाईक जागे असतात. गळीत हंगामात साखर कारखान्याचा गाळप विभाग जागा असतो आणि गव्हाणीबाहेर बैलगाडीवाला नंबराची वाट बघत असतो. एटीएमच्या दारात वॉचमन असतो. आयटी कंपनीतली मुलं अमेरिकेच्या दिवसाला आपली रात्र देऊन बसलेली असतात. आणि ज्यांची मुलं त्याच अमेरिकेत आहेत ते आईवडील झोप लागत नाही म्हणून जागे असतात. यांच्यातल्या प्रत्येकाकडे आज करमणूक भरपूर आहे, बोटाच्या टोकावर आहे. त्यांना विचारणारं मात्र कुणी नाही.

मोबाइलवरची करमणूक आणि टॉकबॅक यांत हाच फरक आहे. रील पाहणाऱ्याला कुणी ‘का?’ विचारत नाही. निवेदक विचारतो, आणि उत्तर हजारो अनोळखी माणसं ऐकतात. म्हसवडच्या शेतकऱ्याचं बोलणं कारखान्यातल्या फिटरनं ऐकावं, नर्सचं बोलणं ट्रकवाल्यानं ऐकावं, हे काम रेडिओइतक्या स्वस्तात दुसरं कुठलं माध्यम करत नाही.

म्हणून शेवटी एक व्यवहाराची मागणी. आकाशवाणीची केंद्रं महाराष्ट्रात अनेक जिल्ह्यांत आहेत. सांगली, कोल्हापूर, जळगाव, परभणी, रत्नागिरी, नागपूर, पुणे, मुंबई. यांतल्या एका केंद्रानं आठवड्यातून एक रात्र, बारा ते दोन, श्रोत्यांच्या फोनसाठी द्यावी. एक निवेदक, सात सेकंदांचं यंत्र, आणि पडद्यामागे एक समुपदेशक. निवेदक तरुणच हवा असं नाही. निवृत्त शिक्षक चालेल, निवृत्त कंडक्टर तर फारच उत्तम. अट एकच, त्याचा प्रश्न लहान असावा. या वेळेला आजही भाव नाही, तेव्हा ती मागायला संकोच करण्याचं कारण नाही. उद्या सकाळी आपापल्या केंद्राच्या संचालकांच्या नावानं एक पोस्टकार्ड टाका, आणि त्यावर एवढंच लिहा की आम्ही जागे असतो, आम्हाला रात्रीचे दोन तास हवेत.